मातीचा उसना चिकटपणा

ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाची वाडीत विहिरीचं काम चालू असताना काँक्रिटची रिंग मातीसकट खाली आली आणि चार मजूर गाडले गेले. एनडीआरएफचे जवान आणि पोकलेन दिवसरात्र माती उपसत होते. चौघांपैकी कुणीही वाचलं नाही. कालपर्यंत उभी असलेली माती एकाएकी कशी ढासळते?

दिवाळीत किल्ला केलेल्यांना अर्धं उत्तर ठाऊक असतं. ओलसर मातीचा कडा सरळ उभा राहतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी पृष्ठताणामुळे त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. ऊन लागलं की बुरूज झडतो आणि तांब्याभर पाणी ओतलं तर बसकण मारतो. मुरमाची ताजी चारीही अशाच उसन्या चिकटपणावर उभी असते.

याचं गणित मांडणारे शार्ल कूलोंब शाळेत विद्युतभारांच्या नियमापुरतेच भेटतात, हा त्यांच्यावर अन्यायच. ते मूळचे लष्करी अभियंते. मार्टिनिक बेटावर खराखुरा किल्ला बांधून आल्यावर १७७३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला : मातीला सरकण्यापासून दोन गोष्टी अडवतात, घर्षण आणि चिकटपणा. विद्युतभारांचा नियम त्यानंतर बारा वर्षांनी आला!

खोदाईने बाजूचा आधार गेला की कडेपासून थोडं मागे, कडेला समांतर भेग पडते. पावसाचं पाणी तिच्यात साचून पाचरीसारखं रेटतं. पाऊस नसला तरी काठावरचा ढीग आणि जेसीबीची थरथर पुरते. एक घनमीटर मातीचं वजन दीड ते दोन टन. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाने श्वास सोडला की माती आणखी आवळते आणि पुढचा श्वास घेता येत नाही.

आयएस ३७६४ हे भारतीय मानक मातीतल्या दीड मीटरहून खोल चारीला फळ्या-टेकूंचा आधार किंवा उतार मागतं. उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांपैकी जे जास्त असेल तितकी लांब टाकायची. सेन्सर आणि ड्रोनची भाषा करण्याआधी एवढं तरी व्हावं. पण दहा फूट खोल चारीला एकास एक उतार द्यायचा तर दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट जमीन जाते आणि इकडे तिच्यावर बहुधा ऊस उभा असतो. मग उरतात फळ्या आणि टेकू, आणि त्यांचा खर्च ठेक्याच्या दरात क्वचितच धरलेला असतो.