आर एकच, मग आकडे इतके का?

आजचा भाग जरा माझीच फजिती सांगणारा आहे. ऐकताना हसलात तरी चालेल, फक्त शेवटपर्यंत ऐका, कारण हीच चूक अकरावीच्या पेपरातही मार्क खाते.

पेणजवळ जोहे गाव. तिथे माझ्या मामांचा गणपतीचा कारखाना आहे. जोहे, हमरापूर या पट्ट्यात वर्षभर मूर्तींचंच काम चालतं. मूर्तीच्या अंगाचा रंग स्प्रे गनने मारतात आणि गनला हवा देतो कॉम्प्रेसर. मामांनी विचारलं, "लाइट गेली तर टाकीतली हवा किती वेळ पुरेल रे?" मी पडलो इंजिनीअर. मोबाइलवर छोटा प्रोग्राम लिहिला आणि रुबाबात सांगितलं, "सव्वा तास!" मामांनी त्या भरवशावर भाड्याचा जनरेटर नको म्हणून कळवलं.

ऐन सीझनमध्ये दुपारी लाइट गेली. गन पाच मिनिटांत फुसफुसली. बाहेर गिऱ्हाइकाचा टेम्पो उभा, आत अर्धवट रंगवलेल्या मूर्ती. मामा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

चुकलं कुठे? सूत्र बरोबर होतं: पीव्ही = एनआरटी. आता आकडे बघू. टाकी १०० लिटरची. गेजवर १०० पीएसआय, म्हणजे साधारण ६.९ बार. पण गेज शून्य दाखवतो तेव्हाही टाकीत बाहेरच्या हवेचा १ बार दाब असतोच. म्हणून सूत्रात ७.९ बार घालायचे. हे मी केलं होतं. तापमान ३२ अंश सेल्सिअस. इथे मी सरळ ३२ टाकले! सूत्राला केल्विन लागतं: २७३ मिळवून ३०५. एवढ्या एका चुकीने ३१ मोल हवेची २९७ मोल झाली.

आता आर. पुस्तकात ८.३१४ असतो, कुठे ०.०८२१, कुठे ०.०८३१४, मेकॅनिकलवाल्यांकडे २८७. गोंधळू नका. उंची फुटात सांगा नाहीतर सेंटिमीटरमध्ये, माणूस तेवढाच. आरचंही तसंच आहे.

दाब पास्कलमध्ये आणि घनफळ घनमीटरमध्ये असेल तर ८.३१४. लिटर आणि बार असेल तर ०.०८३१४. लिटर आणि अ‍ॅटमॉस्फिअर असेल तर ०.०८२१. आणि २८७? तो फक्त हवेसाठी, मोलऐवजी किलोत उत्तर देणारा. ८.३१४ ला हवेच्या एका मोलच्या वजनाने, म्हणजे ०.०२८९७ किलोने भागा, २८७ येतात. म्हणून तो दुसऱ्या वायूला लावायचा नाही.

चुकीचा आर घेतला तर? बार आणि लिटरसोबत ८.३१४ वापरलात तर उत्तर १०० पटीने लहान येईल, लगेच कळेल. पण बारसोबत ०.०८२१ वापरलात तर फरक फक्त सव्वा टक्क्याचा. तो दिसतच नाही, आणि न दिसणारी चूकच जास्त त्रास देते. एमसीक्यूमध्ये जवळजवळचे पर्याय असले की नेमकी तीच नडते.

माझा उपाय साधा आहे: प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायचं आणि ती एककं कापत जायची. शेवटी फक्त मोल उरलं तर आर बरोबर. प्रोग्राम लिहिताना तर सगळं आधी पास्कल, घनमीटर, केल्विनमध्ये आणायचं आणि एकच आर ठेवायचा.

आता खरी गंमत. माझी दुसरी चूक म्हणजे मी टाकीतली सगळी हवा मोजली. गन २ बारच्या खाली नीट चालत नाही. म्हणजे वापरता येणारा दाब ६.९ वजा २, ४.९ बार. गुणिले १०० लिटर, म्हणजे बाहेरच्या दाबाची साधारण ४९० लिटर हवा. गन मिनिटाला १०० लिटर खाते. पाच मिनिटं! तापमान तेच राहिलं तर या हिशोबात आर लागतच नाही, आणि दाबाचा फरकच घ्यायचा असल्यामुळे गेजचा आकडाही चालतो.

हे सगळं मामांना दाखवलं. ते म्हणाले, "पाच मिनिटं मला माहीत होती रे. वाटलं, तू शिकलेला, तुला काही नवीन सापडलं असेल."

त्यामुळे मंडळी, उत्तर आलं की आधी ते काम रोज करणाऱ्या माणसाला विचारा. भेटू पुढच्या भागात!