नळीवर लिहिलंय ते आत आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आयटीआयमध्ये तीस वर्षं टर्नर आणि मशिनिस्टच्या पोरांना लेथ शिकवला. त्यामुळे निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, मोंटाना राज्यात गेलो तेव्हा दोन आठवड्यांतच हात शिवशिवायला लागले. खिडकीतून बर्फ तरी किती वेळ बघणार? शेवटी जावई म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला एक वर्कशॉप दाखवतो."

वर्कशॉप निघालं बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचं. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही आणि धरायची हौसही नाही. पण कोपऱ्यात लेथ होता आणि कटिंग ऑइलचा तोच ओळखीचा वास. माझं मन रमलं. मग आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो.

एके दिवशी एक तरुण शेतकरी आजोबांची रायफल घेऊन आला. विंचेस्टर कंपनीची, १८९४ चं मॉडेल. काउबॉयच्या सिनेमांत तुम्ही ही जात नक्की पाहिली असेल. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस वर सरकतं. या कडीला म्हणायचं लिव्हर, म्हणून ही लिव्हर-ॲक्शन रायफल. युटातल्या जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराच्या डोक्यातून निघालेली ही रचना. या एका मॉडेलच्या ७० लाखांहून अधिक रायफली बनल्या. तिकडच्या शेतघरांत ती आपल्याकडच्या कोयत्या-कुदळीसारखी दाराआड उभी असते.

तरुणाची तक्रार साधी होती. नळीवर ३०-३० असं लिहिलेलं आहे, दुकानातून ३०-३० चीच काडतुसं आणली, पण गोळी कुठे जाते कळत नाही. पन्नास पावलांवरचा पुठ्ठासुद्धा लागत नाही. नळी झिजली असेल, बदलून द्या, असं त्याचं म्हणणं.

म्हाताऱ्याने रायफलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "उडालेल्या पुंगळ्या आणल्यास का?" असं त्याने विचारलं. सुदैवाने पोराच्या खिशात दोन होत्या. ३०-३० ची पितळी पुंगळी बाटलीसारखी असते. बूड रुंद आणि मान अरुंद. या दोन मात्र सरळ, बासरीच्या तुकड्यासारख्या झाल्या होत्या आणि एकीचं तोंड उभं चिरलेलं. म्हाताऱ्याने त्या माझ्यापुढे ठेवल्या. "मास्तर, काय म्हणता?"

यात बंदुकीचं ज्ञान लागतच नव्हतं. साच्यात ओतलेली वस्तू साच्याचा आकार घेते. पुंगळीची मान नाहीशी झाली, याचा अर्थ आतल्या साच्याला मानच नव्हती. तो ३०-३० चा साचा नव्हताच.

मग त्याने खात्री करून घेतली. उकळत्या पाण्याच्या आतच वितळणारा एक मिश्रधातू मिळतो. तो चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत ओतायचा, थिजला की हलकेच ढकलून काढायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. माप आलं ३८-५५ चं. कुणीतरी, कधीतरी, नळी बाहेरून तशीच ठेवून आतून मोठी केली होती आणि वरचं नाव बदललं नव्हतं.

असं का करतात, तेही सांगतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन पेटलं की मागे मिठासारखा क्षार उरायचा. तो हवेतला ओलावा ओढून घ्यायचा आणि नळी आतून गंजायची. बाहेरून चकचकीत, आतून खड्डे. अशा नळीला तीन उपाय. ती काढून नवी बसवणं, आत बारीक नळीचं अस्तर घालणं, किंवा गंजाचा थर निघेपर्यंत भोक मोठं करून नव्याने पेचदार चर पाडणं. तिसऱ्या उपायात आजोबांची नळी जागेवर राहते, म्हणून जुन्या लोकांना तो प्रिय. ३०-३० ची गोळी .३०८ इंचांची, तर ३८-५५ ची सुमारे .३७७. तेवढ्या फरकात गंज निघून जातो. चरांचा पीळही बदलावा लागतो. ३०-३० ला १२ इंचांत एक फेरा, ३८-५५ ला १८ इंचांत.

पण हाच आकडा का? कारण ही एका घराण्यातली काडतुसं. ३८-५५ हे थोरलं आणि काळ्या दारूच्या जमान्यातलं. त्याचीच मान आवळून १८९५ मध्ये बिनधुराच्या दारूचं ३०-३० आलं. दोघांच्या बुडाची कड एकाच मापाची. त्यामुळे काडतूस उचलणारी फळी, ओढणारा आकडा, मागून दाबून धरणारा बोल्ट यांपैकी काहीच बदलावं लागत नाही. लोकांना वाटतं, नळी म्हणजे नळाची तोटी, एक काढली की दुसरी बसवली. तसं नाही. घराण्याबाहेरचं काडतूस आणलंत की एकेक भाग हट्ट धरतो.

आणि ताकदीचं काय? १८७३ च्या विंचेस्टरमध्ये बोल्टला आधार फक्त गुडघ्यासारख्या जोडाचा. १८९२ ची रचना ब्राउनिंगची, तिला दोन पोलादी खुंट्या मागून अडवतात. दोन्हींत ४४-४० हे एकच काडतूस चालायचं. पुढे कंपनीने त्याचं जास्त वेगाचं काडतूस काढलं तेव्हा '१८७३ मध्ये वापरू नका' अशी सूचना द्यावी लागली. काडतूस बसतं म्हणजे चालतं असं नाही! १९५५ नंतर ४४ मॅग्नम आलं, तेव्हा अनेकांनी जुन्या १८९२ च्या रायफली त्यासाठी बदलून घेतल्या. जुन्या ४४-४० चा दाब चौरस इंचाला सुमारे ११ हजार पाउंड, मॅग्नमचा ३६ हजार. जाणत्या कारागिराने, पोलाद पारखून केलेलं काम टिकलं. तेच १८७३ वर केलं तर फुटणाऱ्या पोलादापासून नेम धरणाऱ्याचा डोळा वीतभर अंतरावर असतो.

आपल्या पोराचं नशीब म्हणायचं, त्याच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने झाली होती. मोठ्या भोकातून बारीक गोळी. फरक पावणेदोन मिलिमीटरचा. मी पोरांना दोन शतांश मिलिमीटरसाठी जॉब परत करायला लावत असे! गोळी चरांना न धरता खडखडत बाहेर पडत होती आणि गॅस बाजूने निसटत होता.

तरीही तो नव्या नळीवर अडून बसला. म्हाताऱ्याने मग खर्च सांगितला. आटे घट्ट बसावेत आणि त्याच वेळी वरची माशी बरोबर माथ्यावर यावी, हे जुळवणं. मग चेंबर कापून बोल्ट आणि पुंगळीची कड यांतली फट गेजने तपासणं. एक गेज बसलाच पाहिजे, दुसरा बसताच कामा नये. आपला गो, नो-गोच की! शिवाय आजोबांची नळी फडताळात जाणार ती जाणारच. पोरगं बराच वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, राहू दे, मी ३८-५५ ची काडतुसं आणतो.

तिकडे नुसती नळी विकत घ्यायला केंद्राच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही, याचं मला नवल वाटलं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदुकीत असा बदल करायलाच काय, ती दुरुस्त करायलाही परवानाधारकच लागतो. पण आपल्याकडेही घराघरांत आजोबांच्या परवान्याच्या जुन्या बंदुका आहेत. वारसाहक्काने कुणाकडे आली असेल, तर नळीवरचा आकडा वाचून काडतूस आणू नका. आधी परवानाधारक कारागिराला दाखवा.

शेवटचं काम पाच मिनिटांचं होतं, पण म्हाताऱ्याने त्याला अर्धा तास लावला. जुन्या ३०-३० वर एक आडवी रेघ कोरली. शेजारी पोलादी ठशांनी नवा आकडा ठोकला. मग भिंग माझ्या हातात दिलं. "मास्तर, सरळ आलंय का बघा."

पाच किंचित तिरका होता. मी सांगितलं. तो म्हणाला, वाचता येतंय ना? मग झालं.