आतल्या जखमेची पट्टी

बऱ्हाणपूरहून तापी ओलांडली की जैनाबाद लागते. तेथील आहूखान्याच्या बागेत १६३१ साली मुमताजमहलला प्रथम दफन केले होते. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. चौदाव्या बाळंतपणात ती गेली. मृत्यू अतिरक्तस्रावाने आला असावा, असा तर्क वैद्यकाचे अभ्यासक करतात. बादशहाच्या छावणीत हकीमांची वानवा खचित नसेल. पण आतल्या जखमेला बाहेरचा लेप काय करणार?

हातापायाची जखम दिसते, दाबता येते. गर्भाशयाचे तसे नाही. वार सुटल्यावर आत उघड्या रक्तवाहिन्यांची मोठी जखमच राहते. गर्भाशय आवळले म्हणजे त्यांची तोंडे मिटतात. ते सैल राहिले तर मात्र घात होतो. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटास सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते, आणि सबंध देहात रक्त ते साधारण पाच लिटर! म्हणून आवळणारी औषधे आधी देतात. ती हरली तर पाण्याने फुगवलेला फुगा किंवा गॉजची लांब पट्टी आत भरून भिंतीवर आतूनच दाब देतात.

फाटलेल्या यकृताला टाका घालावा तर तोही कित्येकदा मांस कापीत जातो. तेव्हा शल्यवैद्य त्याच्या वर-खाली गॉजच्या घड्या ठेवून फाटलेल्या कडा एकमेकींवर दाबतात, पोट तात्पुरते झाकतात आणि एक-दोन दिवसांनी घड्या काढतात. काम अर्धवट सोडले असे वाटेल. परंतु गार पडलेल्या देहात रक्त नीट गोठत नाही, त्याला आधी ऊब आणि रक्त हवे, हे जाणणाऱ्याचे ते शहाणपण आहे.

साधे गॉज रक्त शोषते, इतकेच. कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानचे तसे नाही. त्याचा विद्युत्भार धन, तांबड्या पेशींचा ऋण. त्यामुळे पेशी त्याला चिकटून घट्ट लगदा बनतो. केओलिन या पांढऱ्या मातीचे गॉज रक्त गोठण्याच्या क्रियेलाच चालना देते. मात्र ही दोन्ही गॉजे पुढे काढावी लागतात. जिलेटिनचा स्पंज तेवढा आत विरून जातो. आणि दाबावाचून यांतले काहीच उसळते रक्त थोपवीत नाही.

हे सारे रुग्णालयातले काम. पोटात शिरलेल्या घावात घरच्या माणसांनी कापड कोंबू नये, रुतलेली वस्तू उपसू नये. स्वच्छ कापडाने झाकून तत्काळ निघावे. बाळंतिणीच्या रक्तस्रावात ट्रानेक्सामिक आम्लाची सुई पहिल्या तीन तासांतच उपयोगी पडते.