जीपच्या पाठीवरचे पाचवे चाक

जीप, जिप्सी किंवा थार यांसारखी गाडी तुम्ही मागून पाहिली असेल, तर तिच्या पाठीवर टांगलेले पाचवे चाक तुमच्या नजरेस पडलेच असेल. या जादा चाकाला आपल्याकडे सगळे ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द मूळचा एका रस्त्याच्या नावाचा आहे. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथे १९०४ मध्ये टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी मोटारींसाठी जादा चाक बनविण्यास सुरुवात केली आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले.

चाक जवळ असणे सोयीचे खरे, पण ते ठेवावे कोठे आणि धरावे कशाने? चारही चाकांना एंजिनाची शक्ती मिळणाऱ्या गाड्या खाचखळग्यांतून, नदीच्या पात्रातून, डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून धावतात. तेथे टांगलेले चाक सतत हादरे खाते. ते सुटून भर रस्त्यात पडले, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतेल. म्हणून चाक धरणाऱ्या सांगाड्याची, म्हणजे कॅरिअरची, निवड डोळ्यांनी नव्हे तर गणिताने करावी लागते. हे गणित तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

चाक मागेच का?

चाक गाडीच्या पोटाखाली टांगता येते. पण मग ते दगडांना घासते आणि चिखलात रुतलेल्या गाडीखाली शिरून ते काढणे कठीण होते. जुन्या लँड रोव्हर गाड्यांत ते बॉनेटवरही ठेवीत, पण त्यामुळे समोरचे थोडे झाकले जाते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपने ते पाठीमागे लावले होते. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, शेतकऱ्यांसाठी निघालेल्या जीपला मागे उघडणारा फाळका दिला गेला. आता मागे चाक ठेवले तर फाळका कसा उघडणार? म्हणून ते कुशीवर, बाजूला गेले. पुढे १९८५ मध्ये आपल्याकडे आलेल्या मारुती जिप्सीत चाक थेट मागच्या दारावरच बसविलेले होते. दार उघडले की चाकही त्याबरोबर बाजूला सरकते. अडचण सुटली, पण चाकाचा सगळा भार बिजागऱ्यांवर आला.

नुसते वजन नव्हे, परिबल

समजा, चाक ३० किलोग्रॅमचे आहे. त्याचे वजन सुमारे ३०० न्यूटन. चाकाचा मध्य बिजागऱ्यांपासून अर्धा मीटर दूर आहे. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. येथे ते ३०० × ०.५ = १५० न्यूटन-मीटर झाले. दार उघडे असताना हे परिबल दाराला खाली झुकवू पाहते. वरची बिजागरी दाराला आत ओढून धरते, खालची त्याला बाहेर रेटते. या दोन विरुद्ध बलांच्या जोडीला बलयुग्म म्हणतात.

बिजागऱ्यांमध्ये ०.३ मीटर अंतर असेल, तर प्रत्येकीला १५० ÷ ०.३ = ५०० न्यूटन बल सोसावे लागेल. तेच अंतर ०.६ मीटर केले की बल २५० न्यूटन, म्हणजे निम्मे होते. लोखंड जाड न करता, केवळ बिजागऱ्या दूर नेऊन आपण त्यांचा भार अर्धा केला!

आता दुसरा प्रकार पाहू. मोठे टायर घालणारे लोक दारावरचे चाक काढून भक्कम लोखंडी बंपरला एक फिरता दांडा लावतात आणि त्यावर चाक टांगतात. दार मोकळे होते. मात्र दांडा ज्या खुंटीभोवती फिरतो ती आखूड असते. चाक खुंटीपासून ०.७५ मीटर दूर असेल, तर परिबल २२५ न्यूटन-मीटर. खुंटीतील वरच्या-खालच्या बेअरिंगांत फक्त ०.१ मीटर अंतर असेल, तर प्रत्येकावर २,२५० न्यूटन बल येते. म्हणजे ३० किलोच्या चाकासाठी सव्वादोनशे किलोच्या वजनाएवढे बल! साध्या नळीत घातलेली सळई येथे लवकरच झिजते. म्हणून चांगल्या कॅरिअरमध्ये जाड खुंटी आणि निमुळत्या रोलरची बेअरिंगे वापरतात.

पालखीला दोन खांदे

पालखीचा दांडा एकाच टोकाला धरून कोणी उचलू शकेल का? दोन्ही टोकांना खांदे लागतात. कॅरिअरचेही तसेच. बंद झाल्यावर दांड्याचे मोकळे टोक उतरत्या खाचेत चढून घट्ट बसले पाहिजे. मग चाकाचा निम्मा भार खुंटीवर आणि निम्मा खाचेवर येतो. चाक बरोबर मध्ये असेल, तर ही वाटणी समसमान होते. कडी नुसतीच अडकवलेली असेल आणि दांडा तिच्यात खडखडत असेल, तर दुसरा खांदा नाहीच असे समजावे. कॅरिअर निवडताना दांड्याच्या जाडीइतकेच लक्ष कडीकडे द्यावे, ते यासाठी.

पुढची चाके हलकी होतात

आता गाडीकडे बाजूने पाहा. मागचा आस हा टेकू आणि गाडी ही तरफ. २०२० च्या थारच्या दोन आसांत २.४५ मीटर अंतर आहे. समजा, चाकाचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.९ मीटर मागे आहे. मग ३० किलोच्या चाकामुळे पुढच्या आसावरचा भार ३० × ०.९ ÷ २.४५, म्हणजे सुमारे ११ किलोंनी कमी होतो. मागच्या आसावर ३० नव्हे, ४१ किलो वाढतात.

भक्कम बंपर, दांडा आणि मोठे चाक मिळून ९० किलो झाले, तर पुढे सुमारे ३३ किलो कमी आणि मागे १२३ किलो जास्त! वळवणारी चाके पुढची असतात. ती हलकी झाली की घाटात, ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी होते आणि मागच्या स्प्रिंगा दबतात. म्हणजे कॅरिअर जितके भक्कम तितके चांगले, हा समज अर्धाच खरा आहे. ते पुरेसे भक्कम, पण शक्य तितके हलके आणि गाडीला चिकटून असावे.

धातूलाही शीण येतो

बांधकामाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच जागच्या जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. याला धातूचा शिणवटा म्हणतात. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर याचे पद्धतशीर प्रयोग केले. एका झटक्याने आस मोडायला जेवढे बल लागते त्यापेक्षा पुष्कळ कमी बल हजारो-लाखो वेळा लागले, तरी आस मोडतो, असे त्यांना दिसून आले.

कॅरिअरचे हेच होते. गाडी खड्ड्यात आपटली की क्षणभर चाक दुप्पट-तिप्पट जड असल्यासारखे ओढ देते. प्रत्येक हादऱ्याने वेल्डिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या भोकाशी केसाएवढी चीर थोडी थोडी वाढते. दाराचा पत्रा तर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा! म्हणून मूळ चाकापुरत्या बनवलेल्या दारावर बरेच जड चाक लटकवू नये.

बसविताना

मूळच्याच मापाचे चाक असेल, तर गाडीबरोबर आलेले कॅरिअर बदलण्याचे कारण नाही. बिजागऱ्या, कडी आणि रबराचे टेकू तेवढे तपासावेत. चाक मोठे असेल, तर भार पत्र्यावर न टाकता चासीवर नेणारे कॅरिअर घ्यावे. बोल्ट पत्र्यातूनच घालावा लागला, तर आतून रुंद पट्टी लावावी, म्हणजे बल एका भोकाभोवती न एकवटता पसरते. भोकाच्या कडांना रंग द्यावा, नाहीतर कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत गंज तेथूनच सुरू होतो.

नट निर्मात्याने सांगितले असेल तेवढेच आवळावेत. त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. हा पाना परिबलच मोजतो! काही दिवस गाडी कच्च्या रस्त्यावर चालवल्यावर नट पुन्हा तपासावेत. नंबराची पाटी, मागचे दिवे आणि चालकाच्या आरशातले दृश्य झाकले जाता कामा नये. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधने घालते. म्हणून काम करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

करून पाहा

टेबलावर दोन खोडरबर ठेवा. त्यांवर ३० सेंटिमीटरची पट्टी अशी ठेवा की एक खोडरबर पट्टीच्या पुढच्या टोकाखाली आणि दुसरे २० सेंटिमीटरच्या खुणेखाली येईल. दोन्ही खोडरबरांच्या मध्ये पट्टीवर कंपासपेटी ठेवा. पुढचे खोडरबर आणि पट्टी यांच्यामध्ये कागदाची एक चिंधी घालून ती हळूच ओढा. ती अडते. आता पट्टीच्या मागे आलेल्या टोकावर एकेक नाणे रचत जा आणि दर वेळी चिंधी ओढून पाहा. ती अधिकाधिक सहज निघू लागेल. नाणी तेवढीच ठेवून ती मागच्या खोडरबराच्या अगदी वर सरकवा. चिंधी पुन्हा अडेल.

वजन तेच राहिले, फक्त जागा बदलली. आता रस्त्यात अशी गाडी उभी दिसली, तर तिच्या बिजागऱ्यांतले अंतर, कडी आणि चाक किती मागे आले आहे, हे निरखा. त्या गाडीचे चाक नीट धरले आहे की नाही, हे तुमचे तुम्हालाच सांगता येईल.