तहान लागल्यावर विहीर

मैत्रिणींनो, परवा माळ्यावरची अडगळ आवरताना आईची हिशेबाची जुनी वही सापडली. २००६ सालची. दर आठवड्याला एक ओळ ठरलेली, 'मेणबत्त्या, रॉकेल'. आणि दिवाळीच्या आधी एक नोंद : 'इन्व्हर्टर घेतला. बांगडी मोडली.'

भारनियमनाचे ते दिवस आठवतात ना? आमच्या गावात सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास वीज नसायची. आईची पिठाची गिरण होती. बायका सकाळी डबे आणून ठेवायच्या आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. गिऱ्हाइकं तुटली, पण कर्जाचा हप्ता काही चुकला नाही.

असं का झालं? वीजकेंद्र म्हणजे काही प्रेशर कुकर नव्हे, की आज आणला आणि आजच भात लावला! ते उभं राहायला चार-पाच वर्षं लागतात. मागणी दरवर्षी वाढत होती. त्यात दाभोळचा वीज प्रकल्प २००१ साली बंद पडला. नवे संच मात्र वेळेवर उभे राहिले नाहीत. परळी आणि पारस इथले नवे संच सुरू झाले ते २००७-०८च्या सुमारास.

मग तोवर पैसे वाचले म्हणायचे का? छे! तो खर्च घराघरांतून झालाच, उलट जास्त झाला. इन्व्हर्टर जेवढी वीज खातो तेवढी परत देत नाही, शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते ती वेगळीच. डिझेलच्या जनरेटरची वीज तर कितीतरी महाग. दुकानदारानं तो खर्च मालावर चढवला आणि तोही शेवटी आपल्याच पिशवीतून गेला.

आपल्याला हे शिकवायला नको. गच्चीची भेग पावसाळ्यापूर्वी बुजवली तर थोडक्यात भागतं. पुढच्या वर्षी बघू म्हटलं, की स्लॅबचाच खर्च अंगावर येतो. रस्ते, पूल, पाण्याच्या पाइपलाइनी यांचंही तसंच असतं.

निवडणूक जवळ आली की हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलचा डबा मिळतो. त्या वेळी एवढं जरूर विचारा : आपल्या वॉर्डातली पाइपलाइन किती वर्षांची आहे? तिच्या दुरुस्तीसाठी यंदा किती रक्कम ठेवली आहे?

आईची बांगडी काही परत झाली नाही. निदान आपल्या लेकींच्या तरी हातात राहू देत.