तेवढं नका सांगू

सकाळचे साडेआठ. मुदखेड स्टेशनामागच्या समाजमंदिरात सतरंजी अंथरलीय. बाहेर काकड्याच्या कळ्यांची गाठोडी ऑटोत चढतायत. पहाटे तोडलेली कळी उमलायच्या आत बाजारात पोचायला हवी, म्हणून रस्त्यावर नुसती घाई. आत मात्र कुणी घड्याळ बघत नाही.

"मावशी, डोळे मिटा," ताई म्हणतात. या ताई कामाचा सल्ला द्यायला येतात. आजारपणानं किंवा लोकांनी ज्यांचं काम सोडवलं, त्यांना आता काय जमेल ते बघायचं. हातात साधं बॉलपेन. त्याचं टोक त्या मावशींच्या तळहाताला हलकेच टेकवतात. "कुठं लागलं?"

मावशी अंगठ्याखाली बोट ठेवतात. बरोबर. मग तर्जनी. तीही बरोबर. आता पेन करंगळीच्या मुळाशी टेकतं. एकदा, दोनदा, तीनदा. मावशी डोळे मिटून वाट बघतायत.

"लावा की," त्या म्हणतात.

करंगळी अन् तिच्याशेजारचं बोट आत वळलंय. पेरावर भाजल्याचा जुना डाग. "चहाचं पातेलं," मावशी सांगतात, "वास आला तवा कळालं." कोपर आपटलं की जिच्यामुळं झिणझिण्या येतात, ती नस कुष्ठरोगानं मारलीय. सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या बारा महिने खाल्ल्या, रोग गेला. नस काही परत आली नाही.

म्हणजे गुलाबाची तोडणी बाद. काटा रुतून जखम चिघळली तरी कळायचं नाही. चहाची टपरी? ती मावशींचीच हौस. ताई म्हणतात, पातेल्याला लाकडी मूठ बसवू. मावशी हसतात. "मूठ बसवाल ओ. पिणारं गिऱ्हाईक कुठून आणाल?"

मांडीवरच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये जपलेलं दिव्यांग कार्ड आहे. 2016 च्या कायद्यानं 21 प्रकारांत कुष्ठमुक्तांनाही धरलं, दिव्यांगांसाठी सरकारी नोकरीत 4 टक्के जागा ठेवल्या. सातवी शिकलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईनं त्या 4 टक्क्यांकडं नुसतं बघायचं. याच देशात 2019 पर्यंत हा रोग घटस्फोटाचं कायदेशीर कारण होता. मावशींच्या नवऱ्याला कोर्टाची पायरी चढायचीही गरज वाटली नव्हती.

"सात किलो साडेतीनशे ग्रॅम कळ्या, किलोला वीस धरा. किती झाले?" ताई मधेच विचारतात.

मी मोबाईल काढेपर्यंत मावशी बोलून मोकळ्या. "एकशे सत्तेचाळीस."

ताई पेनाचं टोपण लावतात आणि एका शेतकऱ्याला फोन करतात. तोडणीच्या बायकांचं माप घ्यायला, वही लिहायला त्याला माणूस हवाय. मावशी पुढं सरकून ताईंचा पदर ओढतात, आवाज एकदम खाली. "तेवढं नका सांगू."

"हिशोबाला पक्क्या आहेत," ताई फोनवर सांगतात. "फक्त काटेरी काम नको, विस्तवाजवळ नको. हाताची नस दुखावलीय."

सगळं खरं आहे. पूर्ण नाही. आणि मला विचाराल तर एवढ्यावर त्या शेतकऱ्याचा हक्क संपतो. बऱ्या झालेल्या रोगापासून त्याला कसला धोका?

"उद्या पाठवा, बघतो," पलीकडून उत्तर येतं.

आता पुढं सरकतो एक बाविशीतला पोरगा, सोबत थोरला भाऊ. मुदखेडात सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटे रस्त्यानं भरतीची तयारी करणारी पोरं पळतात, त्यांत हाही पळायचा. एक दिवस पळता पळता कोसळला. फेफरं. भरतीचं दार बंद. अन् त्या 21 प्रकारांत फेफऱ्याचं नावच नाही, त्यामुळं नुसत्या त्यावर कार्डही मिळत नाही. ना धड धडधाकट, ना दिव्यांग.

गाडी चालवणं, शिडी, विहीर, फिरतं यंत्र, ताई एकेक खोडत जातात. मोबाईल दुरुस्तीचं दुकान उरतं. तिथं शिकायला ठेवून घेतील.

"पण मॅडम, माझं बी नका सांगू." मावशींचं त्यानं ऐकलेलं आहे.

मला वाटतं, ताई हो म्हणतील. त्या मान हलवतात. "तुला सांगावं लागेल. सगळ्यांना नाही. शेजारी बसणाऱ्या एकाला तरी."

पोरगा गप्प. ताई त्याला सतरंजीवर आडवा करतात आणि भावाला जवळ बोलावतात. झटके येताना हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, कापड, पाणी काहीही घालायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी. झटके थांबले की असं कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेलं तर थेट दवाखाना.

भाऊ गुडघ्यावर बसून धाकट्याला कुशीवर वळवतो. पहिल्यांदा उलट्या बाजूला ओढतो, पोरगा खालून हसतो. दुसऱ्यांदा जमतं.

"अन् चप्पल?" भाऊ विचारतो. "नाकाला कधी लावायची?"

"चप्पल पायात," ताई म्हणतात.