एका ठिपक्यात एक गुंठा

100 चौरस मीटर. युरोपचा ‘सेंटिनेल-2’ उपग्रह 786 किलोमीटरवरून जमिनीचा एवढा तुकडा एका ठिपक्यात टिपतो. आपला गुंठा 101.17 चौरस मीटरचा. रोह्याजवळच्या वरसे गावचा हिशेब त्यामुळे सोपा: ठिपक्याला गुंठा.

17 मार्च 1988 रोजी सुटलेल्या ‘आयआरएस-1ए’ या आपल्या पहिल्या कार्यान्वित (निव्वळ प्रायोगिक नसलेल्या) सुदूर संवेदन उपग्रहाच्या लिस-1 कॅमेऱ्याचा ठिपका 72.5 मीटरचा होता, म्हणजे तब्बल 52 गुंठे. भाताची खाचरं, बांध, आंब्याचं झाड, सगळं एकाच रंगात. ती अडचण आता बरीच सरली, पूर्ण नाही. ठिपक्यांची जाळी बांध बघून पडत नाही. 10 गुंठ्यांचं चौरस शेत जेमतेम 32 मीटर लांब. जाळी बांधाला समांतर धरली तरी त्यात निखळ भाताचे ठिपके बहुधा 4, नशीब फळफळलं तर 9. उरलेल्यांत शेजाऱ्याचं पीक मिसळतं.

पीक ओळखायची रीत मात्र साधी. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवतं. समजा लाल 5 टक्के परतला, अवरक्त 40. फरक 35, बेरीज 45, भागाकार 0.78, म्हणजे पीक जोमात. पान सुकू लागलं की हा आकडा उतरतो. पाण्यावर तो बहुधा शून्याखाली जातो.

खरी पंचाईत पावसाळ्याची. दोन सेंटिनेल-2 मिळून दर 5 दिवसांनी फेरी, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांत सुमारे 24 फेऱ्या. पण कोकणात तेव्हा आभाळ भरलेलं, नि भात नेमकं त्याच दिवसांत वाढतं! म्हणून रडार. सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या साधारण 5.6 सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून आरपार जातात. संथ पाण्यावरून त्या दुसरीकडे उसळतात, म्हणून पाणी चित्रात काळं दिसतं. पण लावणीचं खाचरही काळंच. रोह्याच्या कुंडलिका नदीचा पूर कुठला नि चिखलणीचं पाणी कुठलं, हे आधीची चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. शिवाय एका उपग्रहाची फेरी 12 दिवसांची. कोकणातल्या आखूड नदीचा पूर तोवर ओसरूनही जातो.

हे आकडे आता पैशांपर्यंत पोचलेत. 2023 च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भाताच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रह-आधारित आकड्यांना किमान 30 टक्के भारांश आहे. मात्र महाराष्ट्रात हा अंदाज साधारणपणे अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरीचा असतो. उपग्रहाला गुंठा दिसतो. विम्याचा हिशेब मंडळाचाच राहतो.